आली… पण मनापासून नाही

ही घडलेली गोष्ट आहे. मी स्वतः तिथे होतो… म्हणजे नेमक्या त्या सहा मिनिटांत नव्हतो. सगळा घोळ तिथेच आहे.

माझ्या बोलण्यातलं निम्मं लोक थट्टा समजून सोडून देतात, आणि बरोबरच करतात. हे उरलेलं निम्मं आहे.

रात्र नव्हती. घुबड नव्हतं, कुत्रं रडत नव्हतं. मंगळवार होता, दुपारचे चार वाजले होते, आणि पत्र्याची शेड उन्हानं तडतडत होती. भुतानं यावं अशी ती वेळच नव्हे. मेहुणा नसता तर मीसुद्धा आलो नसतो.

शेड मेहुण्याची. तो गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. त्याला सगळे 'करंट' म्हणतात. गाडीच्या बॅटरीनं माणसाला करंट लागत नाही, हे तो तीस वर्षं समजावून सांगतो आहे. नाव काही सुटत नाही.

त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, तीन आठवडे दवाखान्यात होत्या. त्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "आता घरी न्या."

हे वाक्य दोन प्रकारे म्हणता येतं.

डॉक्टरांनी दुसऱ्या प्रकारे म्हटलं होतं.

"संध्याकाळी सहाच्या आत या, म्हणजे आजच सोडता येईल," असंही ते म्हणाले. उद्याबद्दल काही बोलले नाहीत.

वहिनींची एकच अट होती. ॲम्ब्युलन्स नको. "मी आडवी घरी जाणार नाही. आपल्या गाडीत, पुढच्या सीटवर बसून जाईन."

आपली गाडी म्हणजे बावीस वर्षांची डिझेल पिकअप. जगाच्या गाड्या नीट करणाऱ्या माणसाची गाडी जशी असते, तशीच. ब्रेक दाबला की फ्यूज उडायचा. फ्यूज उडाला की इंजिन बंद. कारण इंजिनाला लागणारा करंट या पठ्ठ्यानंच एकदा ब्रेकच्या लाइनमधून चोरून जोडला होता. तात्पुरता. सोळा वर्षांपूर्वी.

थोडक्यात, गाडी उत्तम चालत होती. फक्त थांबवायची नाही.

"अरे, टॅक्सी कर," मी म्हटलं.

"भावोजी, तिनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली."

मी बाह्या सरसावल्या.

असा बिघाड शोधायला दोन माणसं लागतात. पेडल आणि सीट यांच्यात काठी अडकवून ब्रेक दाबलेला ठेवायचा. एकानं डॅशबोर्डखाली डोकं घालून एकेक वायर हलवायची. दुसऱ्यानं गाडीच्या मागे उभं राहून ब्रेकच्या लाल बत्तीवर डोळा ठेवायचा. पेटली की ओरडायचं, "आली!" विझली की, "गेली!"

सव्वीस वर्षं हे ओरडण्याचं काम वहिनींनी केलं. शेडमागेच घर. करंटनं हाक मारली, की हातातलं टाकून येत आणि उभ्या राहत.

आता तिथे मी होतो.

"दोनच शब्द आहेत, भावोजी. तेवढे चुकवू नका."

"मी पदवीधर आहे रे."

"म्हणूनच सांगतोय."

गाडीचं तोंड शटरकडे होतं, पाठ मागच्या भिंतीकडे. बत्ती आणि भिंत यांच्यात जेमतेम एक माणूस मावेल एवढी फट. पांढरी भिंत, त्यावर वायरींची भेंडोळी टांगलेली. मागे दार नाही, खिडकी नाही. त्या फटीत जायचं तर गाडीला खेटून, कॅबिनच्या उघड्या दारावरूनच जावं लागे. हे लक्षात ठेवा.

मी ओरडत होतो. आली. गेली. गेली. गेली.

प्रत्येक 'गेली'ला एक फ्यूज उडत होता. डबीत अकरा होते. साडेचारपर्यंत तीन उरले.

"नीट बघताय ना?" डॅशबोर्डखालून आवाज आला.

"बघण्यासारखं काही असेल तर बघतो."

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. बायकोचा. ती दवाखान्यात वहिनींजवळ बसली होती. शेडमध्ये रेंज धड नसते. दोन शब्द तुटक आले आणि फोन कट झाला. मी गाडीला खेटून बाहेर आलो आणि करंटच्या पायांना म्हणालो, "आलोच." पाय तेवढेच दिसत होते.

त्यानं ऐकलं असं मला वाटलं.

त्यानं ऐकलं नव्हतं.

शटरबाहेर रस्त्यावर येऊन मी फोन लावला.

"काय चाललंय तुमचं तिकडे?" बायको कुजबुजत होती.

"फ्यूज उडवतोय. वहिनी कशा आहेत?"

"डोळे मिटलेत. अंगात त्राण नाही. पण बडबडताहेत."

"काय?"

"कोण आलंय, कोण गेलंय, काही कळत नाही. मघापासून एकच. आली… गेली… आली…"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि एक विचित्र," ती म्हणाली. "आता म्हणाल्या, 'आली… पण मनापासून नाही.' कोण हो, मनापासून नाही आली? माझ्याबद्दल तर बोलत नसतील ना?"

तिची समजूत काढण्यात माझा वेळ गेला. नणंद-भावजयीचं नातं, अशा वेळीसुद्धा शंका येतेच. फोन ठेवला तेव्हा पाहिलं, सहा मिनिटं झाली होती.

मी आत वळलो, तर करंट कॅबिनमधून बाहेर निघत होता. तोंडभर हसत. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

"सापडलं, भावोजी! माझाच तो सोळा वर्षांपूर्वीचा जोड. टेप वितळून वायर पत्र्याला लागत होती. पण तुम्ही कमाल केलीत हां!"

"मी काय केलं?"

"डॅशबोर्डखाली आवाज नुसता घुमतो, पण शब्द कळले. वायर सोडवली, तुम्ही म्हणालात 'आली'. मी निघणारच होतो. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, 'पण मनापासून नाही.' म्हणजे बत्ती मिणमिणतेय. म्हणजे जोडच सैल! लगेच आवळला. तुम्हाला कुणी शिकवलं हे? हा तर हिचा शब्द…"

तो थांबला.

तो माझ्याकडे बघत होता. मी रस्त्याच्या बाजूला होतो. हातात फोन होता.

"तुम्ही मागे होतात ना?" त्यानं हळू विचारलं.

मी मान हलवली. नाही.

आम्ही दोघांनी मागे पाहिलं. फट रिकामी होती… भिंतीवर लाल उजेड पडला होता… आणि टांगलेलं एक भेंडोळं हळूहळू डोलत होतं, जवळून कुणी खांदा घासून गेल्यासारखं.

शेडमध्ये वारा नव्हता.

फोनवर काय ऐकलं, ते मी त्याला सांगितलं. सांगायला नको होतं की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानं पेडलवरची काठी काढली. सीटवर बसला. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं.

"सहाच्या आत पोहोचतो आपण," तो म्हणाला. "एकदा बघून घेऊ. मागे जा, भावोजी."

मी मागे गेलो नाही. खोटं कशाला बोलू. मी शटरपाशीच उभा राहिलो, बाहेर एक पाय ठेवून.

त्यानं ब्रेक दाबला.

मागची भिंत लालभडक झाली. इंजिन चालूच राहिलं. महिन्यात पहिल्यांदा.

"आली?" त्यानं सवयीनं विचारलं.

मी तोंड उघडलं नाही…

"आली."

गाडीच्या मागून. स्पष्ट. अगदी मनापासून.

आम्ही दोघांनीही ऐकलं. करंटनं मागे वळून पाहिलं नाही. काचेतून समोर बघत तो नुसता हसला. माणसाचा तसा चेहरा मी पुन्हा पाहिला नाही, आणि पाहायचाही नाही.

मग भिंतीवरचा लाल उजेड विझला.

त्याचा पाय ब्रेकवर होता. इंजिन चालू होतं. फ्यूज शाबूत होता.

आम्ही वाट पाहिली… दुसऱ्या शब्दाची.

मागून कुणी काही बोललं नाही.

माझा फोन वाजला. पलीकडे बायको होती. तिच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"गेली हो."

मी फोन स्पीकरवर घेतला नव्हता. तरी करंटनं मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. पाय त्यानं ब्रेकवरून काढला नाही. सहा वाजून गेले तरी काढला नाही.

वहिनी घरी आल्या. ॲम्ब्युलन्समधून. आडव्या.

लोक म्हणतात, उकाड्यानं भास होतात. होत असतील. मलाही मान्य आहे. पण भासाला जोड सैल असल्याचं कळत नाही.

या गोष्टीला आठ महिने झाले. करंटनं त्या गाडीचं सगळं वायरिंग बदललं, मागची बत्तीसुद्धा नवी बसवली. बिघाड शून्य. गाडी मात्र शेडबाहेर काढत नाही. पुढची सीट रोज पुसतो. आणि रोज चार वाजता आत बसून ब्रेक दाबतो.

मंगळवारी मी जातो. त्याला एकटं कसं ठेवणार? मागच्या फटीत उभा राहतो, भिंतीला पाठ टेकवून, म्हणजे पाठीमागे कुणाला जागा उरू नये.

"आली?" तो विचारतो.

"पेटली," मी म्हणतो. ते दोन शब्द मी आता तोंडातून काढत नाही. घरी दूधवाली आली तरी म्हणतो, "दूध आलंय."

माझ्या उत्तरानंतरही तो थोडा वेळ थांबतो. तो माझ्या उत्तरासाठी थांबलेला नसतो, हे मला माहीत आहे. मग मान खाली घालून इंजिन बंद करतो. आठ महिने हेच.

परवाच्या मंगळवारी त्यानं ब्रेक दाबला. बत्ती पेटली नाही. नवी बत्ती, नवी वायर, नवा फ्यूज.

"आली?" त्यानं विचारलं.

काय सांगावं, याचा मी विचार करत होतो.

"बरं, बरं," पुढून तो म्हणाला. आवाज खुशीत होता. "कळलं. लगेच आवळतो."

मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं…

आणि भिंतीला पाठ टेकलेली असूनही, माझ्या खांद्याजवळचं भेंडोळं डोलत होतं.