सवतीचा सूर

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाला हात जोडणार नाही. पण हे माझ्याच घरात घडलंय. कोकणात वालावलला, तळ्याकाठी, गेल्या श्रावणातल्या एका तिन्हीसांजेला.

माझा नवरा सर्वेश भजनी मंडळांचे कीबोर्ड दुरुस्त करतो. मी विनीता, त्याची दुसरी बायको. पहिली सुगंधा, तापाने गेली. रीतीप्रमाणे तिच्या नावाचा चांदीचा टाक लग्नापासून माझ्या गळ्यात. सवत शांत राहावी म्हणून.

सवत शांत होती. नवरा त्याहून शांत. बोलला तरी भिंतीशी बोलल्यासारखा.

त्या दिवशी त्याने एक जुना सिंथेसायझर उघडला होता. त्याच्या पाठीला भोकं असतात. तिथून वायरीने बाहेरची बारीकशी वीज आत सोडायची. ती वाढली की सूर चढतो, ओसरली की उतरतो. पट्ट्यांवर बोटं फिरवावी लागत नाहीत.

एक पट्टी त्याने काडी खोचून दाबून ठेवली होती. एकच सूर, भुंग्यासारखा.

"ह्या वायरीचा टोक जरा धर गो," तो म्हणाला. हात लागला की सूर थरथरतो का, एवढंच त्याला बघायचं होतं.

मी वाकले. गळ्यातला टाक त्या उघड्या टोकाला टेकला...

सूर हलला.

वर गेला... थांबला... गिरकी घेऊन खाली आला...

फुगडीचं गाणं होतं ते. मी कधीच न ऐकलेलं.

सर्वेशने डोळे मिटले आणि पुढची ओळ म्हटली. हळू. केळीच्या पानावरून पाणी ओघळावं तशी. त्याच्या गळ्यात इतकी माया असते, हे मला माहीतच नव्हतं.

मला सुगंधाचा हेवा वाटला. भीती नाही.

मी टाक काढून देव्हाऱ्यात ठेवला. वायर उपटली.

सूर हलायचा थांबला नाही...

मी दूर गेले की तो खाली येई. सर्वेशजवळ आले की चढे... अंगावर धावून आल्यासारखा.

मी हट्टाने त्याला खेटून बसले.

सूर किंचाळला... आणि गप्प झाला.

तळ्याकडचे बेडूकही गप्प.

सर्वेशने डोळे उघडले. थेट माझ्या तोंडाकडे बघितलं. लग्नानंतर पहिल्यांदा.

"इतके दिस खंय होतंस गो?"

इतके दिवस कुठे होतीस, हे मला विचारलेलं नाही, कळत होतं. पण ते डोळे...

"हंयच होतंय," मी म्हटलं.

तेव्हापासून तो मला सुगंधा म्हणतो. मी ओ देते. घरात हसणं आलंय.

काल आईचा फोन आला. म्हणाली, "विनीता, बरी आहेस ना?"

आणि मला पुन्हा तसाच हेवा वाटला...

ही विनीता कोण? माझ्या नवऱ्याच्या घरात तिचं काय काम?