जेवणाला दहापैकी दहा

"आणि जेवणाला दहापैकी किती गुण द्याल?" चिमणीने फोनवर विचारलं.

"दहा!"

चिमणी चाटच पडली. हॉस्पिटलमधून घरी गेलेल्या पेशंटना फोन करून सेवा कशी वाटली ते विचारायचं, हे तिचं काम. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू, म्हणून सगळा मजला तिला चिमणीच म्हणायचा. पण आजवर जेवणाला कुणी पाचाच्या वर गेलं नव्हतं हो!

"नक्की? सूपसुद्धा?"

"सूप तर... अहो, काय सांगू! मनगट मोडल्याचं दुःखच विसरलो." आवाजात हसू होतं. "अजून किती प्रश्न आहेत?"

"एकच."

"एकच? मग जरा सावकाश विचारा ना..."

अगं बाई! चिमणीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने प्रश्न विचारला, अगदी सावकाश, आणि फोन ठेवल्यावरही उगाचच हसत बसली. संध्याकाळी घरी वहिनीने बरोबर ओळखलं.

"कोण गं तो?"

"कोण म्हणजे? पेशंट!"

"पेशंट तर तू दिसतेस," वहिनी म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात ऑफिसात एक तरुण आला, डावा हात गळ्यात अडकवलेला. विभागप्रमुख, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाई, म्हणाल्या, "हे आपले नवे सहकारी. आता पेशंटच्या मोबाइलवर लिंक जाईल, लोक आपले आपणच उत्तरं भरतील. महिनाभर दोन्ही चालवू. लिंक जमली तर फोन बंद."

फोन बंद म्हणजे चिमणीची नोकरी बंद! तेवढ्यात तो "नमस्कार" म्हणाला आणि... तोच आवाज!

"सूप?" तिच्या तोंडून निघून गेलं. तो कानापर्यंत लाल झाला.

झालं! समोरासमोर टेबलं आणि दिवसभर जुंपलेली. ती त्याला 'लिंकवाले' म्हणायची. तो तिचे फोन चोरून ऐकायचा आणि पकडला गेला की खिडकीबाहेर बघायचा. दुपारी मात्र त्याच्या डब्याचं झाकण एका हाताने उघडत नसे. ती पुढे होऊन उघडून द्यायची. बोटाला बोट लागायचं, आणि दोघंही एकदम डब्यात बघायला लागायची.

"शत्रूला मदत करता?"

"शत्रू उपाशी राहिला तर भांडू कुणाशी?"

महिना संपला. बैठकीला सगळा विभाग जमला. तो उभा राहिला. "फोनवर गुण जास्त मिळतात, लिंकवर कमी. जिवंत माणसाला वाईट सांगायला लोकांना जड जातं. आता हेच बघा. एका पेशंटने फोनवर जेवणाला दहा दिले. मग लिंक चालते का बघायला त्यानेच ती भरली, तर दिले दोन." त्याने उजवा हात वर केला. "तो पेशंट मीच."

सगळे खो खो हसले. चिमणी ताडकन उठली.

"दोन? मग मला दहा कशाला सांगितले?"

"तुम्ही इतक्या आपुलकीने विचारत होतात... सूप म्हणजे नुसतं पाणी होतं, हे तुम्हाला सांगवेना."

"माझ्यापाशी सांगवेना, आणि इथे चारचौघांत बरं सांगवलं!" तिचे डोळे भरून आले. गेली नोकरी. आणि घालवली कुणी, तर यानेच!

"माझं अजून संपलेलं नाही," तो घाईघाईने म्हणाला. "निम्म्याहून जास्त लोकांनी लिंक उघडलीच नाही. म्हाताऱ्या माणसांनी तर नाहीच नाही. त्यांचं दुखणंखुपणं आपल्याला कळलं ते फक्त यांच्या फोनमुळे. नुसती लिंक ठेवली तर ती माणसं आपल्यापुरती मुकीच होतील. म्हणून आधी लिंक पाठवावी, आणि जे गप्प राहतील त्यांना फोन करावा... यांनीच करावा."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चिमणीचा जीव टांगणीला!

"फोन राहील," त्या म्हणाल्या.

चिमणी तडक बाहेर व्हरांड्यात गेली. हसावं की रडावं, तिलाच कळेना. मागोमाग तो आला.

"रागावलात?"

"भयंकर! फोनवर गोड बोलता, लिंकवर खरं बोलता. आता समोर उभे आहात, आता काय बोलणार?"

"समोर... समोर माझी बोबडी वळते."

"वळू दे. बोला."

त्याने डोळे मिटून घेतले. "मला तुम्ही आवडता. त्या फोनपासून. रोज, जास्त जास्त. त्यात खोटं काही नाही." मग एक डोळा हळूच उघडला. "आणि... तुमचं काय?"

दिवसभर दुसऱ्यांना विचारणारी चिमणी! तिला काय वाटतं, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तिचं काळीज असं धडधडायला लागलं की बस्स!

"मलाही तुम्ही आवडता!" ती म्हणाली, आणि इतक्या मोठ्याने म्हणाली की बाहेर पडणाऱ्या मोठ्या बाई दारातच थबकल्या, आणि मागे वळून सगळ्यांना म्हणाल्या, "बसा हो, बसा. बैठक अजून संपलेली नाही."