दाराआडची बाई

पोलीस चौकीतली कॉन्स्टेबलबाई साध्या कपड्यांत मेव्हणीकडे मदत मागायला आली, तेव्हाच भावोजींना तिचा संशय आला. संध्याकाळी तिच्या बडतर्फीचा हुकूम निघणार होता आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं.

जप्तीच्या वस्तूंच्या खोलीतून एक मोबाइल गेला होता. एका कंत्राटदाराच्या मुलानं एका मुलीला दिलेल्या धमक्या त्यात होत्या. चौकीत बायकांना कपडे बदलायला जागा नाही, म्हणून बाई त्याच खोलीत गणवेश चढवी. दार बंद दिसलं की पुरुष आल्या पावली परतत. चोरीच्या दुपारी दार बराच वेळ बंद होतं.

"तेव्हा तुम्ही कुठे होता?" भावोजींच्या मेव्हणीनं विचारलं. खासगी तपास हा तिचा धंदा.

"खोलीत नव्हते. कुठे होते, ते सांगता येणार नाही."

भावोजींनी मनातल्या मनात तिला बेड्या घातल्या. मेव्हणीनं पायांत चपला घातल्या.

चौकीत ती आधी त्या खोलीत गेली. आत एकच खुर्ची होती आणि तीही दारापाशी. दाराच्या आतल्या बाजूला धुळीनं बुजलेली चार भोकं होती. जुनाट दार, असं म्हणून भावोजींनी तो विषय सोडला.

मग जबान्या. प्रश्न मेव्हणी विचारी, उत्तरं सगळे भावोजींना देत. हवालदार म्हणाला, दार बंद दिसलं, मी मागे फिरलो. फौजदारांनीही तेच सांगितलं. बाईमाणसाच्या भानगडीत कोण पडणार? कारकून सगळ्यांत गोड. त्यानं दार ढकलूनही पाहिलं होतं.

"आतून कडी होती, साहेब. सरकवल्याचा आवाज मी स्वतः ऐकला."

मेव्हणीनं सगळ्यांना दारापाशी जमवलं आणि कारकुनाला आत जाऊन कडी लावायला सांगितलं. तो गेला. बराच वेळ नुसती चाचपडल्याची खुडबुड ऐकू आली.

"या बाहेर," ती म्हणाली. "कडी कधीच निखळून गेली आहे. बाई दाराला खुर्ची लावून कपडे बदलतात. तुमच्यापैकी कुणावर हे दार आतून लावायची वेळच आली नाही, म्हणून कडी असणारच असं तुम्ही धरून चाललात. बाकीचे नुसतं 'दार बंद' म्हणाले. बाई आत होत्या हे फक्त तुम्हाला पटवायचं होतं. मोबाइल उचलून तुम्ही बाहेरून दार ओढून घेतलंत. पुढची राखण ह्यांच्या भिडेनं केली."

मोबाइल कारकुनाच्या स्कूटरच्या डिकीत सापडला. कंत्राटदाराशी भाव अजून जमायचा होता.

फौजदार ओशाळले. "पण बाई, कुठे होता ते तेव्हाच सांगितलं असतंत तर?"

"कुणाकडे होते, ते आजही सांगणार नाही, साहेब. एक बाई घरातला मार सांगत होती. चौकीत यायला ती भीत होती."

"चौकीला काय भ्यायचं?"

"माझी चौकशी कशी झाली, पाहिलंत ना?" बाई म्हणाली. "मी तर तुमच्यातलीच होते."

भावोजींना तिच्याकडे बघायची लाज वाटली.