काठोकाठ भरलेला पियाला

स्वयंपाकघरात मुरांब्याच्या बशीवर उमायचा चमचा किणकिणला.

बुरुलने चहादाणी उचलली. समोरच्या माणसाच्या पियाल्यात चहा ओतला — अगदी काठोकाठ. नारीन गावात त्याचा अर्थ तिच्या सहा वर्षांच्या लेकीला, उमायलाही कळतो... हा प्या आणि निघा.

"बापरे!" तालाय हसला. "एवढा राग, एजे?"

"मी तुमची थोरली बहीण नाही. चार-पाच वर्षांनी लहानच असेन तुमच्याहून!"

अर्ध्या तासापूर्वी पावाच्या भट्टीजवळच्या वळणावर तिच्या व्हॅनचं स्टिअरिंग दगडासारखं जड झालं होतं. हा अनोळखी मेकॅनिक धावत आला, खिडकीतून हात घालून त्याने तिच्याबरोबर स्टिअरिंगचं चाक ओढलं, गाडी अंगणात आणून दिली. तिथवर देवमाणूस! मग बॉनेटही न उघडता म्हणाला, "स्टिअरिंगचा पंप गेला. बायका चाक टोकापर्यंत वळवतात आणि तसंच धरून ठेवतात. नवऱ्याला गॅरेजवर पाठवा."

"नवरा जाऊन तीन वर्षं झाली," बुरुल आता म्हणाली. "उद्या सकाळी आठ मुलं याच गाडीतून शाळेत न्यायचीत मला. नाही नेली तर परवा त्यांचे आईबाप दुसरी गाडी बघतील. आणि तुम्ही न बघताच पंपावर खापर फोडून मोकळे! स्टिअरिंगचा आवाज कधी येतो, हे तरी विचारलंत?"

त्याचं हसू विझलं. "कधी येतो?"

"सकाळी, थंडीत. रडल्यासारखा. चाक वळवलं की वाढतो, इंजिन तापलं की उतरतो. तीन आठवडे ऐकतेय मी."

पियाला तसाच ठेवून तो उठला.

अंगणात तिने इंजिन सुरू केलं. तालायने स्टिअरिंगच्या तेलाच्या टाकीचं झाकण काढलं. आत फेसच फेस.

"हवा शिरतेय," तो हळूच म्हणाला. "पंप ठणठणीत आहे. त्याच्याकडे जाणारी ही नळी टोकाशी कडक होऊन चिरलीय... क्लिपही सैल."

त्याने चिरलेलं टोक कापलं, नवी क्लिप आवळली, पुढची चाकं जॅकवर उचलली, तेल भरलं. "इंजिन बंदच राहू दे. डावीकडे वळवा... आता उजवीकडे. टोकाला धरून —"

"मी कधीच धरून ठेवत नाही!"

"— नाही ठेवत. दिसतंय मला." त्याच्या गालावर तेलाचा ओघळ होता, आणि नजर टाकीवर नव्हतीच.

बुडबुडे थांबले. इंजिन सुरू केलं. चाक तिच्या एका बोटावर फिरलं, आवाज न करता.

"चुकलो मी," तो म्हणाला. "पंपाबाबत. आणि बायकांबाबत जे बोललो, तेही..."

"ते आधी!"

"ते आधी. उद्या सकाळी थंडीत आवाज येतो का, ऐकायला येऊ?"

"मला कान आहेत."

"माझ्याहून चांगले आहेत. तरी... येऊ?"

ती वळली. तरातरा आत गेली, गार झालेला चहा फेकला, चहादाणी उचलली. तो दारातच, पुसलेले हात पुन्हा पुसत उभा.

"बसा आता! की तेही मीच सांगायचं?"

उमायने मान उंचावून पियाल्यात डोकावलं. मग आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"आई, तू अजून रागावलीयेस ना? मग काकांना चहा अर्धाच का ओतलास?"