मामाच्या छातीशी

पडदा सरकवला आणि अक्षदा दोन पावलं मागेच आली. बाळंतिणींच्या वॉर्डात चक्क एक बाप्या! शर्टाची बटणं उघडी, छातीशी ओढणीनं बांधलेलं इवलंसं बाळ.

"बटणं लावू का?" तो लाजून चूर झाला.

"मुळीच नको. बाळाला तुमचीच ऊब हवी," अक्षदानं हसू दाबलं. "बाबा का?"

"छ्या! मामा. माझं लगीन कुठं झालंय..." हे त्यानं जरा जास्तच स्पष्ट सांगितलं.

हा धसईपुढच्या डोंगरातला सूरज. त्याची बहीण रविना पहिलटकरीण, माहेरी आलेली. दिवस भरायच्या आधीच सिझर झालं, तिचा ताप काही उतरेना. मग कमी वजनाच्या भाचीला छातीशी धरून मामाच बसला. अशी कुटुंबं घरी गेल्यावरही एकटी पडू नयेत म्हणून हॉस्पिटलनं अक्षदाला नेमलं होतं. ती घरोघरी जायची. सूरजकडे गेली की गप्पा बाळाच्या, नजरा मात्र... जाऊ दे!

एकदा त्याचा फोन आला. "बाळ दूध नाय घेत. लगेच या!"

टोकावडे गावातल्या एका घरची ठरलेली भेट सोडून अक्षदा धापा टाकत पोचली. बाळ पोटभर पिऊन गाढ झोपलेलं, आणि सूरज चहाचा कप घेऊन उभा!

"तुमाला बघायचं होतं..."

"लाज नाही वाटत? तिकडे एक आई माझी वाट बघतेय! उद्या खरंच काही झालं तर मी विश्वास कसा ठेवू?"

चहा तसाच राहिला. परतताना एसटीत तिला रडू आलं. फोनवर त्याचं नाव दिसताच आधी आनंद झाला होता, त्याचाच तिला राग येत होता.

मग एका पहाटे पुन्हा फोन. "बाळ गार पडलंय. आईची शपथ..."

पुन्हा तसलाच बहाणा तर नाही? पण त्याचा आवाज कापत होता.

"छातीशी घट्ट धरा. मी ॲम्ब्युलन्स पाठवते."

हॉस्पिटलच्या दारात गाडीतून सूरज उतरला तो अनवाणीच. बटणं उघडी, बाळ छातीशी. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी बाळ चुटूचुटू दूध प्यायलं, तेव्हा हा गडी भिंतीला टेकून ढसाढसा रडला.

"तुमी विश्वास ठेवलात..."

"ठेवला," अक्षदा हळूच म्हणाली. "पण यापुढे बोलवायचं कारण खरं सांगायचं."

बाळ घरी गेलं. रविवारी फोन वाजला.

"मॅडम, बाळ ठणठणीत हाय. काम कायच नाय. मला तुमी आवडता... याल?"

अक्षदाची पर्स केव्हाच खांद्याला लागली होती.

"धसईच्या एसटीनं येते. आणि मॅडम नको — सुट्टीच्या दिवशी मी नुसती अक्षदा असते."