लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह

दुकानातला लॅपटॉप बंद पडला तेव्हा बाबा तो भंगारात द्यायला निघाले होते. चष्म्याच्या काचा घासायचं त्यांचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. धाकटीने लॅपटॉप मागच्या खोलीत नेला, पालथा घालून उघडला आणि बिघडलेली हार्डडिस्क काढून टाकली. मग एका पेनड्राइव्हवर लिनक्सची हलकीशी आवृत्ती चढवून तो बाजूच्या खाचेत बसवला. यंत्र जरा घरघरलं, पडदा उजळला आणि बाणाची खूण शहाण्यासारखी मधोमध येऊन उभी राहिली.

आईने कौतुक केलं. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं आणि म्हणाले, "वा. ताईलाही असा एक करून दे."

एवढंच म्हणाले.

धाकटी नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेऊन घरी आली होती. भिंगातून किरण कुठे आणि किती वळेल हे ती समीकरण मांडून सांगायची. पण काच घासून झाली की बाबा हाक मारायचे ती थोरलीला. "अगं, तुझे डोळे आण इकडे." थोरली एका कारखान्यासाठी पडद्यांच्या कापडावरची नक्षी काढायची. हातातलं काम टाकून ती जायची, काच खिडकीकडे धरायची, मान तिरकी करायची आणि म्हणायची, "इथे पाणी आहे, बाबा." पाणी म्हणजे काचेत राहून गेलेली बारीक लाट. मग दोघं त्या काचेवर डोकी जोडून उभी राहायची. धाकटी दारातून बघायची. त्या दोन डोक्यांच्या मध्ये तिसरं मावेल एवढी जागा कधीच नसायची.

तिने थोरलीलाही पेनड्राइव्ह करून दिला. अदलाबदल होऊ नये म्हणून थोरलीने आपल्या पेनड्राइव्हला लाल दोरा बांधला, आणि बाबांना तीही कल्पना फार आवडली.

दोन्ही पेनड्राइव्ह दिसायला सारखे होते, पण आतून नव्हते. अशी पेनड्राइव्हवरची प्रणाली मुळात विसराळू असते. चालू असेपर्यंत सगळं तिच्या लक्षात राहतं; बंद केली की ती पुन्हा पहिल्या दिवसासारखी कोरी. लक्षात ठेवायला हवं असेल तर पेनड्राइव्हवर वेगळी जागा राखून द्यावी लागते. धाकटीने स्वतःच्या पेनड्राइव्हवर ती राखली होती. थोरलीच्या पेनड्राइव्हवर राखली नाही. विसरली म्हणावं तर तसंही नव्हतं. हात बटणापर्यंत गेला होता आणि तिने तो मागे घेतला होता.

थोरलीने तक्रार केली नाही. काढलेली नक्षी ती लगेच कारखान्याला पाठवून द्यायची, त्यामुळे कामाचं नुकसान होत नव्हतं. फक्त बसल्यावर रोज सगळं मुळापासून मांडायचं: अक्षरं मोठी करायची, रंग लावून घ्यायचे. ती डावखुरी होती, म्हणून माउसची बटणंही उलटी करून घ्यायची. "रोज नव्याने ओळख करून द्यावी लागते बाई याला," ती हसून म्हणायची. "काय प्राध्यापकबाई, तुमचं यंत्र एवढं कोरडं कसं?"

"जुनं आहे ना," धाकटी म्हणाली. "एवढंच जमतं त्याला."

पुढे एकदा थोरली बाहेरून आली ती हसतच. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याने तिला विचारलं होतं, इथे नवीन आलात का? लहानपणापासून ती त्याच्याकडून पेन्सिली घेत होती. म्हातारा झाला, म्हणून आईने विषय सोडून दिला. मग कारखान्याच्या व्यवस्थापकाने बैठकीत तिला ओळख करून द्यायला लावली. थोरलीने तेही जेवताना रंगवून सांगितलं, त्याच्या आवाजाची नक्कल करून. सगळे हसले. धाकटी हसली, पण घास तिच्या तोंडात तसाच राहिला.

तिने स्वतःला समजावलं. माणसं विसरतात. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे तर तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. तरी जागा राखून द्यायला हरकत नव्हती. काम मोठं नव्हतं. बघू सवडीने, म्हणून तिने ते ढकललं.

सवड मिळण्याआधीच बाबांची हाक आली. "अगं, तुझे डोळे आण इकडे." थोरली सवयीने उठून पुढे गेली आणि तिने हात पुढे केला. बाबांनी तिच्या खांद्यावरून मागे, दारातल्या धाकटीकडे पाहिलं आणि काच तिच्या हातात दिली.

काच कडेला गार आणि जरा ओलसर होती. धाकटीने ती खिडकीकडे धरली. तिला त्यात काही दिसलं नाही, पण ती म्हणाली, "चांगली आहे, बाबा." बाबांनी मान डोलावली. त्यांच्या बाहीला घासायच्या भुकटीचा वास येत होता. इतक्या जवळून तो तिने कधी घेतला नव्हता.

संध्याकाळी थोरली पलंगाच्या कडेवर बसून होती.

"बाबा आज मला म्हणाले, बसा ना."

"म्हणजे?"

"दुकानात मी उभी होते. तर म्हणाले, बसा ना, काय हवंय?" थोरली हसली नाही. "गिऱ्हाइकाला म्हणतात तसं."

दुसऱ्या दिवशी थोरली कारखान्यात गेल्यावर धाकटीने लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह घेतला आणि लॅपटॉपपाशी बसली. जागा राखली. पट्टी हळूहळू भरत गेली. शेवटी पडद्यावर एक रिकामी चौकट आली: वापरणाऱ्याचं नाव.

धाकटीने बोटं कळांवर ठेवली.

तिने 'ताई' लिहिलं. हे काही नाव नव्हे, म्हणून पुसलं. मग बराच वेळ ती चौकटीतल्या लुकलुकणाऱ्या रेघेकडे बघत राहिली.

"आई," तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "ताईचं नाव काय गं?"

भांड्यांचा आवाज थांबला. "कुठली ताई?"

तेवढ्यात मागच्या दाराने थोरली आत आली. खांद्यावर पिशवी तशीच होती. कारखान्याच्या फाटकावरून तिला परत पाठवलं होतं. ती येऊन टेबलाच्या डाव्या बाजूला, नेहमीच्या खुर्चीवर बसली आणि तिने माउसवर हात ठेवला, नुसता धरायला काहीतरी हवं म्हणून.

"तुला तरी मी आठवतेय ना?"

"असं काय बोलतेस? हे बघ, सगळं नीट होतंय. फक्त इथे तुझं नाव घाल."

थोरलीने चौकटीकडे पाहिलं. तिचे ओठ हलले आणि थांबले. "तूच घाल ना," ती म्हणाली. "तुला माहितीये."

"माझ्या अगदी जिभेवर आहे, ताई."

पुढच्या खोलीतून बाबांची हाक आली. "अगं, तुझे डोळे आण इकडे."

दोघी एकदमच उठल्या. थोरली अर्ध्यात थांबली आणि पुन्हा बसली.

"जा," ती म्हणाली. "पण लगेच ये."

"आलेच."

बाबा काच घेऊन उभे होते. धाकटीने ती खिडकीकडे धरली आणि मान तिरकी केली. या वेळी तिला दिसलं. कडेजवळ एक बारीक लाट होती, प्रकाश तिच्यावरून घसरत होता.

"इथे पाणी आहे, बाबा."

"शाब्बास," बाबा म्हणाले. त्यांनी आपलं डोकं तिच्या डोक्याला टेकवलं.

आत काहीतरी अर्धवट राहिलंय, हे तिला ठाऊक होतं. जायला हवं होतं.

"जोडीतली दुसरी द्या ना," ती म्हणाली. "तीही बघते."

दुसरी काच निर्मळ होती. तरी तिने ती सावकाश फिरवून, पुन्हा पुन्हा पाहिली.

"एकुलती एक पोर," बाबा गिऱ्हाइकाला सांगत होते, "पण नजर बघा."

धाकटी लाजली.

ती मागच्या खोलीत आली तेव्हा लॅपटॉप बंद पडला होता. जुनाच तो, चालायचंच. मागचं दार कुणीतरी उघडं टाकलं होतं. तिने ते लावलं. टेबलावर तिच्या पेनड्राइव्हशेजारी आणखी एक होता, त्याला लाल दोरा बांधलेला. गाठ उलट्या हाताने मारल्यासारखी होती.

"आई, हा कुणाचा गं?"

"तुझाच असेल. दुसरं आहे कोण या घरात?"

तिने तो खाचेत घातला. पडदा उजळला. त्यावर काहीच नव्हतं. कोराच पेनड्राइव्ह, कामाला येईल.

ती माउस घ्यायला गेली. उजवीकडे टेबल रिकामं होतं. माउस डाव्या बाजूला होता. तिने तो हातात घेतला.

माउस कोमट होता.