धाकटीने सगळं पाहिलं होतं

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी जे घडलं तेवढंच सांगणार आहे.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. रविवारची दुपार होती, तीन वाजून दहा मिनिटं, आणि बाहेर लख्ख ऊन.

मी एका मोठ्या कंपनीत सर्व्हरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर सांभाळतो. चारशे सर्व्हर, त्यांच्या खोल्या, पंखे, तापमान... हे सगळं एक सर्व्हर बघत बसतो. कुठे काही बिघडलं की आमच्या फोनवर मेसेज टाकतो.

पण पहारेकरीच झोपला तर?

म्हणून यंदा आम्ही दुसरा पहारेकरी उभा केला. तो पहिल्याला दर पाच सेकंदांनी विचारतो, आहेस का? तीनदा उत्तर आलं नाही, की पहिला गेला असं समजून सगळं काम स्वतःकडे घेतो.

काकांनी त्या दोघांची नावं ठेवली होती. थोरली आणि धाकटी.

काका म्हणजे तळघरातल्या बॅटरीच्या खोलीचे इलेक्ट्रिशियन. निवृत्तीला सात महिने उरलेले. त्या खोलीत आग विझवायच्या वायूचे सिलिंडर आहेत. त्या वायूला वास नाही, रंग नाही. गळायला लागला तर माणसाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून तिथे सेन्सर बसवलेला. गळती झाली की काकांच्या आणि माझ्या फोनवर मेसेज. त्या मेसेजला काकांनी माझ्याकडून सायकलच्या घंटीचा आवाज लावून घेतला होता.

"म्हाताऱ्याला ओळखू येईल असा आवाज दे बाबा. ते टिंगटाँग मला कळत नाही."

आत जाण्याआधी ते मला दोनच शब्द पाठवायचे. आहेस का? मी स्क्रीन बघायचो. सगळं चालू असेल तर लिहायचो, आहे. मगच दार उघडायचे.

"कागदावर सह्या करणारे पुष्कळ आहेत," ते म्हणायचे. "मी तुझ्या शब्दावर आत जातो."

आमच्या विभागाचे प्रमुख म्हणजे दाजी. माझ्या सख्ख्या ताईचा नवरा. नोकरी त्यांनीच लावलेली.

अशी जोडी उभी केली की शेवटी खरी चाचणी घ्यावी लागते. थोरलीची वीज मुद्दाम काढायची आणि धाकटीकडून मेसेज येतात का ते बघायचं. तोवर धाकटीचं तोंड बंद ठेवतात. सगळेच ठेवतात, नाहीतर प्रत्येक मेसेज दोनदा येऊन डोकं उठतं. चाचणीच्या वेळी ते उघडायचं असतं.

शनिवारी दाजी म्हणाले, "चाचणी मी घेतो. पंधरा दिवस तू नीट झोपला नाहीस. जा घरी. पासवर्ड तेवढा देऊन जा."

दिला. घरचाच माणूस!

संध्याकाळी रिपोर्ट आला. चाचणी यशस्वी.

रविवारी तीनला पाच कमी असताना काकांचा मेसेज आला. आहेस का?

मी पलंगावर आडवा पडलो होतो. स्क्रीन उघडायचा कंटाळा केला. चाचणी यशस्वी झाली होती ना?

लिहिलं, आहे.

थोरली सकाळीच बंद पडली होती. डिस्क भरली. धाकटीने पंधरा सेकंदांत काम हातात घेतलं, आम्ही शिकवलं होतं अगदी तसंच. तीन दहाला तिने गळती पाहिली. एकाखाली एक नोंदी केल्या. गळती. धोका. बाहेर या.

पण तिचं तोंड बंदच होतं.

काका साडेपाचला सापडले. दारापासून दोन हातांवर. हातातला फोन पडून फुटलेला. तो पुन्हा कधी चालू झालाच नाही.

सोमवारी मी नोंदी उघडल्या. शनिवारी थोरली बंद केल्याची एकही नोंद नव्हती. चाचणी झालीच नव्हती. आणि रिपोर्टखाली नाव होतं माझं.

मग गळतीच्या मेसेजवर नजर गेली. प्रत्येक मेसेजपुढे एक रकाना असतो, तो कोणी पाहिला त्याचा. तीन दहापासून सगळे रिकामे होते.

शेवटचा सोडून...

रविवारी संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटं. पाहिला : काका.

मी तसाच ताईच्या घरी गेलो. दाजी चहात बिस्किट बुडवत होते.

"वरून घाई होती रे. वीज काढली असती आणि काही बिघडलं असतं म्हणजे?"

"खाली माझं नाव का?"

"लॉगिन तुझंच होतं ना." बिस्किट तुटून चहात पडलं. ते चमच्याने काढत म्हणाले, "चौकशीत एवढंच सांग, काका न विचारता आत गेले. आपण दोघंही सुटतो."

"त्यांनी विचारलं होतं. माझ्या फोनवर आहे."

ताई शेजारीच उभी होती. मला वाटलं, आता ही बोलेल. लहानपणी मी फोडलेल्या काचेचा मार तिने खाल्ला होता.

ती बोलली.

"मग पुसून टाक की. कागदावर तुझं नाव आहे, वेड्या. गेलेला माणूस काही परत येणार आहे का?"

केसाने गळा कापणं मी आजवर फक्त ऐकलं होतं.

पण खरं सांगतो, त्या रात्री मी ते दोन शब्द पुसले. माझं उत्तरही पुसलं.

चौकशीत लिहिलं गेलं, मृताचा निष्काळजीपणा. काकांच्या मुलीने कागद वाचून मला विचारलं, "बाबा तर तुम्हाला विचारल्याशिवाय कधी जायचे नाहीत ना?"

मी बुटांकडे बघत राहिलो.

धाकटीच्या वायरी काढून तिला कपाटात कुलूपबंद केलं. किल्ली माझ्याकडे.

पुढचा रविवार. तीन दहा. माझा फोन सायलेंटवर होता, तरीही...

सायकलची घंटी वाजली.

पाठवणारी, धाकटी. अशा मेसेजमध्ये खोली असते, आकडे असतात. यात दोनच शब्द होते.

आहेस का?

मी ऑफिसला धावलो. कपाट उघडलं. धाकटी थंडगार पडली होती. तिची वायर, मी गुंडाळली होती तशीच, शेजारी.

दुसऱ्या रविवारी पुन्हा घंटी. मेसेज दाजींना दाखवला. "कुणीतरी चेष्टा करतंय," ते म्हणाले. फोन माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला. त्या दिवसापासून ताई माझे फोन घेत नाही.

तिसऱ्या रविवारी मी सकाळपासून घाबरलेलो होतो. तीनदा उत्तर आलं नाही की काय समजतात, ते मीच तर शिकवलं होतं.

घंटी वाजली.

आहेस का?

लिहिलं, आहे.

बराच वेळ काही नाही. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता. रस्त्यावरचाही नाही...

मग पुन्हा घंटी.

मग बोलला का नाहीस?

त्याच संध्याकाळी मी काकांच्या मुलीकडे गेलो. सगळं सांगितलं. शेवटी तिने एकच विचारलं, "तुम्ही आहे लिहिलंत, तेव्हा कुठे होतात?"

मी सांगितलं. तिने उठून दार उघडलं, मी जावं म्हणून.

आज चौथा रविवार. हे सगळं मी चौकशीवाल्यांनाही लिहून पाठवलंय. पुरावा काही नाही. तो मीच पुसला.

तीन वाजून नऊ मिनिटं झाली आहेत. फोन समोर ठेवलाय. सायलेंटवर.